बावीस अंगठे

आमच्या लाँड्रीत तिला सगळे डागबाई म्हणायचे आणि ते तिला आवडायचं.

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. चार हॉटेलं आणि दोन हॉस्पिटलं यांच्या चादरी, टॉवेल, अभ्रे, वेटरांचे एप्रन, डॉक्टरांचे कोट, सगळं मळकं आमच्याकडे यायचं आणि पांढरंशुभ्र होऊन जायचं. मी टेम्पो चालवायचो. मळकी गाठोडी आणायची, धुतलेली पोचवायची, मधल्या वेळात कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी असलेल्या कपाटांच्या आड बसून चहा प्यायचा. त्यामुळे ही हकिकत मी ऐकलेली नाही, पाहिलेली आहे. तिच्यात माझाही थोडा हात आहे. तो कुठे, ते त्या ठिकाणी सांगतो.

मळका कपडा आला की आधी डागबाईच्या टेबलावर जायचा. ती चादर झटकून उजेडाकडे धरायची आणि सांगायची, हा चहा, ही लिपस्टिक, हा गंज, हे रक्त, आणि रक्ताला कुणी गरम पाणी लावलंत तर याद राखा. एकदा हॉस्पिटलच्या एका चादरीवर बोट ठेवून ती म्हणाली, "हा गेला." दुसऱ्या दिवशी मी तिथल्या वॉर्डबॉयला विचारलं. खरंच गेला होता. अशी नजर. पण कागद पुढे आला की ती नजर जमिनीला लागायची. पगाराच्या रजिस्टरवर ती अंगठा उठवायची आणि लगेच तो ओल्या फडक्याला घासत बसायची. जगाचे डाग काढणाऱ्या बाईला तेवढा एक डाग निघत नसे.

तिची मैत्रीण मास्तरीण. शिक्षिका व्हायचं म्हणून शिकलेली, नोकरी लागली नाही, म्हणून आमच्याकडे घड्या घालायला आलेली. गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. लाँड्रीची रोजची वही तिच्याकडे होती आणि ती वही म्हणजे दगडावरची रेघ. 'आज मोठ्या हॉटेलच्या तीन चादरी कोपऱ्यात फाटलेल्या आल्या. आपल्याकडे येण्याआधीच फाटलेल्या आहेत, फाटल्या जागेचे दोरे मळके आहेत.' असं लिहायची. हॉटेलवाला भांडायला आला की जुने मालक वही त्याच्यापुढे सरकवायचे. "मास्तरीणबाईंनी लिहिलंय. विषय संपला."

अठरा वर्षं दोघींनी एका बाकावर बसून डबे खाल्ले. डागबाईचा बँकेचा फॉर्म, घरमालकाला द्यायचं उत्तर, मुलीच्या शाळेचे अर्ज, सगळं मास्तरणीनं लिहिलं. त्या बदल्यात तिनं कधी कपभर चहासुद्धा घेतला नाही. तिला खोड एकच. डागबाई बोलताना कुठे अडखळली की ती लगेच सुधारायची. "अगं, 'शिपारस' नाही, 'शिफारस'. म्हण बघू." सगळ्यांसमोर. बायका हसायच्या, डागबाईही हसायची. मी मात्र तिचे कान लाल झालेले बघायचो.

आणि एक पत्र होतं. डागबाईचा नवरा कामासाठी लांबच्या शहरात गेला होता, तिथून ते आलं. कपडे बदलायच्या खोलीत मास्तरणीनं ते हळू आवाजात वाचलं. मी यापुढे येणार नाही, माझी वाट पाहू नकोस, मुलीला सांभाळ. डागबाई तिच्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे बघत होती.

"दोन ओळी गाळल्यास तू," ती म्हणाली.

"काही नव्हतं गं त्यात."

"काही नव्हतं तर वाच."

"सोड ना. झालं ते काय कमी आहे?"

मास्तरणीनं पत्राची घडी घालून तिच्या हातात दिली. डागबाईनं ते पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं नाही. लाज वाटली असेल. पुढं ते कुठेतरी हरवलं. पण त्या दोन ओळी तिच्या मनात खड्यासारख्या राहिल्या. आपल्याच नवऱ्यानं आपल्याला काय लिहिलं ते आपल्याला माहीत नाही आणि हिला माहीत आहे, हे ती एकदा टेम्पोत माझ्याशेजारी बसून बोललीही होती. "उपकार करते म्हणजे मालकीण झाली काय माझी?" असं म्हणाली. मी गिअर बदलला.

मग जुने मालक थकले आणि जावयाला कारभार देऊन घरी बसले. नवे साहेब तरुण, चटपटीत, बोलताना फोनवरून डोळा न काढणारे. पहिल्याच दिवशी मास्तरणीनं वही पुढे केली, तर त्यांनी ती फक्त फडफडवून पाहिली.

"बाई, हे सगळं वाचायला माझ्याकडे वेळ कुठून येणार? ग्रुप काढलाय. फोटो टाका. एका फोटोत काम होतं."

वही बंद झाली. ग्रुपवर आम्ही सगळे आलो, हॉटेलांची माणसंही आली. मास्तरीण सवयीनं तिथंही लिहायची. पाच-सहा ओळींनंतर फोन तिचं लिहिणं आपोआप कापायचा आणि 'अजून वाचा' असं दाखवायचा. ते 'अजून वाचा' कुणी दाबलं असेल असं मला वाटत नाही. मी तरी दाबलं नाही.

डागबाईला मुलीनं जुना फोन दिला होता. फोटो काढायला अक्षरं लागत नाहीत, हे तिला समजलं त्या दिवशी ती दहा वर्षांनी लहान झाली. नजर होतीच, आता तिला दात फुटले. कुठल्या चादरीवर इस्त्रीचा चटका, कुठल्या घडीचा कोपरा वाकडा, मशिनमागे पडलेलं विडीचं थोटूक, सगळं टिपून ग्रुपवर. खाली एक शब्द नाही. साहेब टाळ्यांचं चित्र पाठवायचे. अठरा वर्षं जिनं खाली मान घालून अंगठा उठवला, तिला आता सगळ्यांदेखत टाळ्या पडत होत्या. घड्या घालणाऱ्या एका बाईनं तिला विचारलं, "माझी चुगली का केलीस?" तर डागबाई भोळा चेहरा करून म्हणाली, "मी कुठं काही बोलले? फोटो टाकला फक्त."

हे उत्तर तिला फार सोयीचं पडलं. बोललेल्या शब्दाला बोलणारा असतो, लिहिलेल्याला हस्ताक्षर असतं. फोटोला कुणी जबाबदार धरत नाही. ज्याचा निघतो तोच गुन्हेगार.

त्याच सुमाराला साहेबांनी जाहीर केलं की आता एक मुख्य बाई नेमायची, उभ्यानं काम करायचं नाही, सगळ्यांवर लक्ष ठेवायचं, खुर्ची मिळेल. सगळ्यांना वाटत होतं, मास्तरीणच होणार. डागबाईलाही तेच वाटत होतं.

तो दिवस सांगतो. डागबाईच्या मुलीला कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता. अर्ज अर्थात मास्तरणीनं भरून दिला होता. डागबाई आदल्या दिवशी तिला म्हणाली, "उद्या माझं टेबल बघशील? साहेबांना विचारलं तर रजा देणार नाहीत."

"जा गं तू. मुलीचं बघ. मी सांभाळते."

सकाळी सहापासून मास्तरीण डागांच्या टेबलाशी उभी राहिली. त्यात त्या दिवशी हॉस्पिटलचा दुप्पट माल आला, मीच आणला होता. तो संपवून ती स्वतःच्या घड्यांना लागली. जेवलीही नाही. वय सत्तावन्न, पायांच्या शिरा फुगलेल्या. दुपारी साडेतीनला ती धुतलेल्या टॉवेलांच्या ढिगावर टेकली, चष्मा काढून हातात धरला आणि डोळे मिटले. दोन मिनिटं, फार तर तीन.

तेवढ्यात डागबाई मागच्या दारानं आत आली. प्रवेश झाला होता, हातात पेढे-बिढे नव्हते पण चेहरा फुललेला होता. मी टेम्पोत गाठोडी चढवत होतो, मला ती समोर दिसत होती. तिनं मास्तरणीला पाहिलं. थांबली. हाक मारायला तोंडही उघडलं तिनं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग तोंड मिटलं आणि फोन वर केला.

माझ्या खिशात फोन वाजला. ग्रुपवर फोटो आला होता. मास्तरीण टॉवेलांवर बसलेली, मान मागे, तोंड थोडं उघडं. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

पहिला अंगठा हॉटेलच्या माणसाचा आला, तो उलटा. मग साहेबांचा लाल चेहरा आला. मग आमच्यातल्या एकेकाचा सरळ अंगठा. आमच्यात अशी रीतच पडली होती, साहेब बघतायत म्हटल्यावर काहीही आलं तरी अंगठा द्यायचा. मीही दिला. का दिला, विचाराल तर मला आजही सांगता येत नाही. गाठोडं खाली ठेवलं, अंगठा दिला, गाठोडं उचललं. मोजून बावीस अंगठे झाले. आम्ही सगळे शाळा शिकलेले, डागबाई सोडून. पण त्या दिवशी आमच्यात एकही असा नव्हता की ज्याला अंगठाबहाद्दर म्हणता आलं नसतं.

मास्तरणीला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "ग्राहकाच्या टॉवेलवर झोपलात तुम्ही. हॉटेल म्हणतंय, माल दुसरीकडे देतो."

"साहेब, मी सकाळी सहापासून..."

"फोटो स्पष्ट आहे बाई."

ती डागबाईच्या टेबलाशी उभी होती हे तिनं तोंडानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर न विचारता रजा घेतल्याबद्दल डागबाईची नोकरी गेली असती. त्याऐवजी ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी चार पानं लिहून घेऊन आली, दोन्ही बाजूंनी, त्याच सुबक अक्षरात. त्यात कुणाचं नाव न घेता सगळं लिहिलं होतं. त्या दिवशी एकूण किती माल आला, कोणतं काम कुठल्या वेळी झालं, ती किती वेळ उभी होती. साहेबांनी पानं टेबलावर पसरली आणि चारही पानांचे फोटो काढले. "बघतो नंतर," म्हणाले आणि कागद तिला परत दिले.

ती बाहेर आली ती सरळ कपडे बदलायच्या खोलीत, डागबाईकडे. मी कपाटाच्या मागे होतो. मला निघून जाता आलं असतं. गेलो नाही.

"तू फक्त एक वाक्य बोल," मास्तरीण म्हणाली. "की मी दोन माणसांचं काम करत होते. कुणाच्या बदली, ते सांगू नकोस. एवढंच बोल. तुझं ऐकतात ते."

डागबाई हातमोजे काढत होती. एकेक बोट सोडवत म्हणाली, "त्या दोन ओळी काय होत्या?"

"कुठल्या?"

"तुला माहीत आहे."

मास्तरीण खाली बसली. "अगं, पंधरा वर्षं झाली त्याला."

"तुला आठवतात. तू विसरत नाहीस काही. आधी सांग, मग मी जाते साहेबांकडे."

"नको ना. कशाला?"

"मग मीही नको."

मग मास्तरणीनं सांगितलं. ती रडत नव्हती, वहीतली नोंद वाचावी तशी बोलली. "त्यानं लिहिलं होतं, तुझ्या अंगाला ब्लीचचा वास येतो, तुझ्याजवळ झोपायची मला शिसारी येते. आणि लिहिलं होतं, हे पत्र तुला दुसरं कुणीतरी वाचून दाखवेल, त्यांनाही कळू दे."

डागबाईनं हातमोजे खुंटीला अडकवले. "बरं," म्हणाली.

"जातेस ना?"

डागबाई आपल्या टेबलाकडे गेली. उजवीकडे वळलं की टेबल, डावीकडे साहेबांची केबिन. ती उजवीकडे वळली.

मास्तरणीला नोकरीवरून काढल्याचं कुणी तिला बोलावून सांगितलं नाही. संध्याकाळी ग्रुपवर एक ओळ आली, साहेबांनी तिला ग्रुपमधून काढल्याची. ती ओळ फोन स्वतःच लिहितो, माणसाला तेवढेही कष्ट नाहीत. दुसऱ्या सकाळी ती नेहमीच्या वेळेला फाटकाशी आली, कारण तिला वाटलं, चुकून झालं असेल. वॉचमननं आपल्या फोनवर ती ओळ तिला दाखवली. ती तिनं चष्मा लावून नीट वाचली. वॉचमन म्हणतो, तिनं त्याला विचारलं, "कारण कुठे लिहिलंय?" तो म्हणाला, "कारण लिहीत नाहीत, बाई."

पुढच्या महिन्यात डागबाईला खुर्ची मिळाली.

खुर्ची मिळाल्यावर माणूस मऊ होईल असं काहींना वाटलं होतं. उलटंच झालं. कोण किती वेळा पाणी प्यायला जातं, कोण भिंतीला टेकतं, सगळ्यांचे फोटो. एक बाई सहा महिन्यांची गरोदर होती, तिचे संडासाच्या दाराशी एका दिवसात पाच फोटो निघाले. ती रडत म्हणाली, "तुम्हीही आई आहात ना?" डागबाईनं रडतानाचाही फोटो काढला. त्या बाईनं आठवडाभरात काम सोडलं. मात्र डागबाईला एक गोष्ट लागली होती. रोज घरी जाण्याआधी ती साबणानं कोपरापर्यंत हात घासायची, मग वास घ्यायची, मग पुन्हा घासायची. कातडी सोलवटून लाल झाली होती. त्याबद्दल तिला कुणी विचारत नसे, आणि कीव करावी असं कुणाला वाटतही नसे.

दोन वर्षं अशी गेली. मग एके दिवशी ग्रुपवर मास्तरणीचा फोटो आला, कुणीतरी इकडून तिकडून पाठवलेला. हॉस्पिटलचा पलंग, तोंड डावीकडे ओढलेलं. झटका आला होता. लोकांनी जोडलेले हात पाठवले. साहेबांनी डागबाईला बोलावून सांगितलं, "कंपनीतर्फे फळं घेऊन जा. चांगला फोटो काढा, हॉटेलवाल्यांनाही दिसू दे आपण माणसं जपतो ते."

रविवारी सकाळी मी तिला टेम्पोतून घेऊन गेलो. तोपर्यंत मास्तरणीला घरी आणलं होतं. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीशी पलंग, धुतलेलं पातळ अंथरूण. तिच्या सुनेनं आम्हाला बसायला स्टुलं दिली. सून बोलकी होती.

"उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. अक्षरंसुद्धा गेली हो. डॉक्टर म्हणाले, दिसतात त्यांना, पण वाचता येत नाहीत. सुरुवातीला पेपर समोर धरला की रडायच्या. आता बघतच नाहीत. म्हणून ही चित्रं दिलीत."

उशाशी एका कडीत ओवलेली चित्रांची कार्डं होती. पाण्याचा पेला, जेवणाचं ताट, पंखा, गोळी, रडका चेहरा, हसरा चेहरा, संडासाचं भांडं. एकूण बारा. हवं त्यावर तिनं बोट ठेवायचं.

मास्तरणीनं डागबाईला पाहिलं आणि तिनं ओळखलं, यात मला शंका नाही. तिचा डावा हात कार्डांवर गेला. ती एकेक कार्ड उलटत गेली. पेला, ताट, पंखा. बारा संपली, तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती शोधत होती. घाईनं, धाप लागेपर्यंत. तिसऱ्यांदा उलटताना घशातून आवाज यायला लागला. जे म्हणायचं होतं त्याचं चित्र त्या बारांत नव्हतं.

शेवटी तिनं भांड्याच्या चित्रावर बोट ठेवलं.

"लागली वाटतं," सून म्हणाली आणि भांडं घेऊन आली. मास्तरणीनं ते ढकललं. पुन्हा त्या चित्रावर बोट ठेवलं, मग बोट उचलून डागबाईकडे केलं. पुन्हा चित्र, पुन्हा डागबाई.

सुनेला कसंसंच झालं. "चुकतात हो कधी कधी. मनावर घेऊ नका."

"असू दे," डागबाई म्हणाली. तिनं फळांची टोपली पलंगावर ठेवली आणि फोन माझ्या हातात दिला. "काढ."

मी फोन धरला. मास्तरणीनं तोंड भिंतीकडे वळवलं. सुनेनं हळूच तिची हनुवटी धरून तोंड इकडे केलं. सोडल्याबरोबर तोंड पुन्हा भिंतीकडे. असं तीनदा झालं. मग सुनेनं हनुवटी धरूनच ठेवली.

मी फोटो काढला. डागबाईनं तो बघितला, बोटांनी मोठा केला.

"हात दिसतोय हिचा," ती सुनेला म्हणाली. "जरा मागून धर. केसांतून."

सुनेनं केसांतून धरलं. मी दुसरा काढला. तो चांगला आला.

टेम्पोत बसल्या बसल्या डागबाईनं तो ग्रुपवर टाकला. गाडी सिग्नलला उभी राहिली तोवर जोडलेले हात आणि हृदयं यायला लागली होती. ती मोबाईल मांडीवर ठेवून बाहेर बघत होती.

"ओळखलं तिनं," ती म्हणाली.

"हो."

"सुनेला काही कळलं नाही ना?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढच्या चौकात उतरून मुलीसाठी चपला घ्यायला गेली.

मास्तरीण त्यानंतर चौदा महिने जगली. आमच्यापैकी पुन्हा कुणी गेलं नाही. ती गेल्याचं मला हॉस्पिटलचा माल उचलताना कळलं. शेवटच्या दिवसांत तिला पुन्हा तिथंच आणलं होतं, हे त्याच वॉर्डबॉयनं सांगितलं. तिची चादर त्या दिवशीच्या गाठोड्यांत होती की नाही, मी विचारलं नाही. गाठोडी चढवली, लाँड्रीत आणली आणि टेबलावर उतरवली. डागांच्या टेबलावर आता दुसरी एक बाई असते. डागबाई खुर्चीतूनच बघते.